फोन जागचा हलला नाही, म्हणून गरज नाही?

कोणता रस्ता रुंद करायचा, एसटीची फेरी कुठे वाढवायची, रेल्वेला थांबा कोणत्या गावी द्यायचा हे ठरवण्याआधी माणसे कुठून कुठे जातात ते माहीत असावे लागते. आजवर ही माहिती घरोघर विचारून किंवा रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजून मिळवली जाई. गेल्या दीड दशकात जगभरच्या वाहतूक नियोजनकारांच्या हाती एक नवे साधन आले आहे, ते म्हणजे प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल. फोन कोणत्या टॉवरला जोडला गेला याची नोंद कंपनीकडे होत असते. तो रात्री जिथे असतो ते घर आणि दिवसा बराच वेळ जिथे असतो ते कामाचे ठिकाण, असे मानून लाखो फोनांच्या नोंदींवरून 'कुठून कुठे'चा तक्ता तयार करतात आणि त्यावर प्रवासाच्या मागणीचे मॉडेल बसवतात. स्पेनचे परिवहन मंत्रालय असे तक्ते सर्वांसाठी खुले करते. ही पद्धत आज ना उद्या आपल्या जिल्ह्यांच्या नियोजनात येईल, आणि ती यावी असेच माझे मत आहे. पण यवतमाळसारख्या जिल्ह्यात तिचा कौल कुठे मानायचा आणि कुठे नाही, हे ती येण्याआधीच ठरले पाहिजे. लांबचा प्रवास आणि हंगामी ये-जा मोजायला मोबाइलची नोंद उत्तम. मात्र कोणत्या गावाला गाडी द्यायची आणि कोणाची बंद करायची, हा निवाडा तिच्यावर सोपवला तर अन्याय होईल. कारण ती झालेला प्रवास मोजते. जो प्रवास गाडीअभावी, पैशांअभावी किंवा अंधाराच्या भीतीने झालाच नाही, तो तिच्या हिशेबात कधीच येत नाही.

या पद्धतीचे आकर्षण समजण्यासारखे आहे. यवतमाळचा विस्तार १३,५८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, आणि त्यातले जवळपास चार पंचमांश लोक खेड्यांत राहणारे. वणीच्या कोळसा पट्ट्यापासून उमरखेडच्या पैनगंगाकाठापर्यंत पसरलेल्या सोळा तालुक्यांत घरोघर जाऊन प्रवासाची पाहणी करायची तर खर्च मोठा आणि माणसेही पुष्कळ लागतात. मुंबई महानगरासाठी एमएमआरडीएने २००८ साली पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात सुमारे ६६ हजार कुटुंबांची पाहणी झाली होती. असे भाग्य महानगरांचे. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानंतर शहरांचे गतिशीलता आराखडे होऊ लागले, पण ग्रामीण जिल्ह्याची गतिशीलता असा काही विषय आहे हेच अजून नियोजनाच्या भाषेत रुळलेले नाही. खेड्यांच्या वाट्याला येते ती रस्त्यावरची वाहनगणना. त्यातही इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९७२ च्या मार्गदर्शिकेने एक शहाणपणाची गोष्ट सांगून ठेवली आहे: गणना वर्षातून दोनदा, सलग सात-सात दिवस करावी, एकदा सुगी आणि बाजाराच्या ऐन हंगामात आणि एकदा मंदीच्या दिवसांत. सुगीला गावाची चाल बदलते हे त्या लेखकांना पक्के ठाऊक होते. मोबाइलची नोंद तर वर्षाचे ३६५ दिवस होत असते. त्यामुळे हंगामांचा फरक टिपण्याची जी सोय त्या मार्गदर्शिकेला हवी होती, ती आता आयती हाती आली आहे असे कोणालाही वाटेल.

काही बाबतींत ती खरोखरच आली आहे. पुसद, महागाव, उमरखेड, दिग्रस भागातल्या तांड्यांवरून ऊसतोडीला, वीटभट्टीला, बांधकामाला माणसे महिनोन्‌महिने बाहेर जातात. त्यांचा रात्रीचा टॉवर बदलतो, चार-पाच महिने बदललेलाच राहतो आणि सणाला किंवा हंगाम संपल्यावर परत येतो. ही हालचाल फोनइतक्या स्पष्टपणे दुसरे कोणतेच साधन दाखवू शकणार नाही, आणि ती कळली तर दिवाळी-होळीच्या जादा गाड्या अंदाजाने सोडाव्या लागणार नाहीत. रामनवमीला दिग्रसच्या शेजारी वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला जाणारी गर्दी कोणत्या तालुक्यांतून किती निघते, हेही कळेल. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न थांबता लोक पुढे सेवाग्रामला, नागपूरला किंवा सीमेपलीकडे आदिलाबादला किती जातात, याचाही ढोबळ अंदाज बांधता येईल. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मार्ग जसजसा पुढे सरकेल तसतसे कोणत्या स्थानकाला कोणत्या गावांहून जोडगाडी हवी हे ठरवायला असा तक्ता मोलाचा ठरेल. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरात ऑरेंज कंपनीच्या सुमारे ५ लाख ग्राहकांच्या निनावी नोंदी वापरून आयबीएमच्या संशोधकांनी बसमार्गांची फेरमांडणी सुचवली होती. प्रवासाचा वेळ सुमारे दहा टक्क्यांनी वाचेल असा त्यांचा अंदाज होता. हे साधन निरुपयोगी आहे असे म्हणणारा माणूस हे सगळे नाकारतो, आणि त्याच्याशी मी सहमत नाही.

माझी हरकत सुरू होते ती वावरापासून. दसऱ्यापासून पुढचे तीन-चार महिने या जिल्ह्यातला सर्वांत मोठा रोजचा प्रवास कोणता असेल, तर तो कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचा. आपल्या गावात वेचणी नसेल किंवा शेजारच्या गावात भाव बरा असेल, तर सकाळी ऑटोत, मालवाहू टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसून त्या पाच-दहा किलोमीटरवर जातात आणि संध्याकाळी परततात. आता हा प्रवास सरकारी हिशेबात कुठे दिसतो ते पाहू. २०११ च्या जनगणनेने कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि प्रवासाचे साधन यांची माहिती प्रसिद्ध केली. पण ती 'इतर कामगार' या गटापुरती, म्हणजे शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगांतली माणसे वगळून. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य हात शेतीत राबतात, तिथे कामावर जाण्याच्या प्रवासाचा अधिकृत तक्ता बहुसंख्यांना सोडूनच तयार झाला आहे. रस्त्यावरच्या गणनेत तो टेम्पो एक मालवाहू वाहन म्हणून मोजला जातो. आत पंचवीस बाया आहेत याची नोंद घ्यायला रकाना नाही. शिवाय गणना बहुधा मोठ्या रस्त्यांवर होते आणि टेम्पो पांदण रस्त्याने जातो. उरला मोबाइल. ग्रामीण भागात एका टॉवरच्या कक्षेत कित्येक किलोमीटरचा परिसर आणि अनेक गावे येतात. एका गावातून शेजारच्या शिवारात गेलेला फोन टॉवरच्या लेखी घरीच असतो. आणि फोन तरी त्या बाईजवळ असतो का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात स्वतःच्या वापराचा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. घरात एकच फोन असेल तर तो बहुधा नवऱ्याकडे किंवा शिकणाऱ्या पोराकडे राहतो. तीन वेगवेगळी साधने, तिन्हींची पद्धत निराळी, आणि तिन्ही नेमक्या एकाच माणसापाशी येऊन आंधळी होतात. तिन्ही आकडे एकमेकांशी जुळले तर नियोजनकार त्याला पडताळणी म्हणेल. प्रत्यक्षात ती एकाच चुकीची तीनदा झालेली नोंद असेल.

ही उणीव दूरदेशीही अनुभवाला आली आहे. इंग्लंडच्या महामार्ग यंत्रणेने आपली प्रादेशिक वाहतूक मॉडेल्स उभारताना मोबाइलच्या नोंदी वापरल्या, तेव्हा आखूड प्रवास नीट पकडता येत नाहीत आणि वाहनाचा प्रकार ओळखता येत नाही, या अडचणी ठळकपणे पुढे आल्या. तिथे टॉवर दाट असूनही ही स्थिती. आपल्याकडे तर दोन टॉवरच्या हद्दीवरच्या गावात फोन एकाच जागी पडून असताना आलटून पालटून दोघांना जोडला जातो आणि न झालेला प्रवास नोंदला जाण्याचा धोका असतो. पैनगंगेच्या काठी झरी-जामणी, केळापूरच्या सीमेवरच्या गावांत फोन तेलंगणातला टॉवर पकडतात. वावरात काम करणारा माणूस कागदावर परराज्यात जाऊन येतो. या तांत्रिक चुका दुरुस्त करण्याच्या रीती आहेत, त्यांचे मला फार भय वाटत नाही. भय वाटते ते कलाचे. जे साधन लांबचा प्रवास चोख दाखवते आणि जवळचा गिळून टाकते, त्याच्या आधारे होणारे नियोजन द्रुतगती मार्गांकडे झुकत जाणार. पवनार ते पत्रादेवी या सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या आखणीत यवतमाळ जिल्हा आहे. त्या मार्गासाठी नागपूर ते कोल्हापूर किती फोन रोज हलतात याचा भक्कम पुरावा कोणीही मांडू शकेल. घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या गावाला तालुक्याच्या ठिकाणी जायला सकाळी आठच्या आत गाडी हवी, याचा तसा पुरावा कुठून आणायचा? महामार्ग हवा की नको, हा इथे वादाचा मुद्दा नाही. एका मागणीला आकड्यांचे पाठबळ मिळते आणि दुसरी केवळ अर्जाच्या रूपाने उरते, हा मुद्दा आहे.

आता न झालेल्या प्रवासाकडे येऊ, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. त्या काळातल्या मोबाइल नोंदींवरून कोणी यवतमाळच्या ग्रामीण भागाचे मॉडेल बनवले असते, तर आतल्या गावांतल्या लोकांना फारसे बाहेर जावे लागत नाही, असाच निष्कर्ष निघाला असता. पुढे १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट लागू झाले आणि महिला प्रवाशांची संख्या वाढली. यातल्या काही जणी आधी काळी-पिवळीने जात असतील, त्यांचा फोन पूर्वीही हलत होता. पण माहेरी, दवाखान्यात, बाजाराला, लेकीकडे जाणे पैशांपायी लांबणीवर टाकणाऱ्या बायका त्यांत नव्हत्या असे कोण म्हणेल? त्यांची गरज १६ मार्चलाही होतीच. त्या दिवशीच्या कोणत्याही नोंदीत मात्र ती नव्हती.

एसटीच्या आगारांत 'भारमान' हा शब्द रोजचा आहे. गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या, यावर फेरीचे भवितव्य ठरते. भारमान घटले की फेरी तोट्यात जाते, आणि तोट्यातल्या फेरीवर बंद होण्याची टांगती तलवार असते. पण ते घटले का, हे तो आकडा सांगत नाही. गाडी शाळेच्या घंटेनंतर पोहोचते म्हणून, आठवड्यातून दोन दिवस येतच नाही म्हणून, की संध्याकाळची मुक्कामी गाडी बंद झाल्यावर परतीची खात्री उरली नाही म्हणून? परतीची गाडी नसेल तर माणूस सकाळच्या गाडीतही चढत नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या अरुंद मार्गावर धावणारी शकुंतला अशीच संपली. किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत नेण्यासाठी हा मार्ग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभारला. पुढे रूळ जुने होत गेले, वेग उतरला, ज्यांना शक्य होते ते रस्त्याकडे वळले आणि दारव्ह्यासारख्या गावांतला गरीब प्रवासी तेवढा उरला. अखेर गेल्या दशकात गाडी थांबली. आज त्या मार्गालगतच्या टॉवरच्या नोंदी काढल्या तर रेल्वेने जाणारा एकही प्रवासी दिसणार नाही. त्यावरून तिथे रेल्वेची मागणी शून्य आहे असे म्हणणे, म्हणजे सेवेच्या अभावालाच मागणीच्या अभावाचा पुरावा ठरवणे. मोबाइलची नोंद हे भारमानाचेच अधिक सूक्ष्म आणि अधिक रुबाबदार रूप आहे, आणि संगणकाने काढलेला आकडा म्हटला की त्यावर प्रश्न विचारायला माणसे कचरतात.

यावर एक वजनदार आक्षेप घेतला जाईल. केनियातल्या सुमारे दीड कोटी फोनच्या नोंदी तपासणाऱ्या अमी वेसोलोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की, फोन बाळगणारे लोक तुलनेने सधन आणि जास्त फिरणारे असले तरी त्यामुळे प्रवासाच्या एकूण अंदाजात पडणारा फरक वाटतो तेवढा मोठा नसतो. मग यवतमाळबद्दल एवढी शंका का? हा अभ्यास प्रामाणिक आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. पण त्या संशोधनामागचा प्रश्न साथरोगाच्या प्रसाराला महत्त्वाचा असलेल्या, एका भागातून दुसऱ्या भागात होणाऱ्या प्रवासाचा होता. त्या पातळीवर मोबाइल विश्वासार्ह आहे हे मीही मान्य केले आहे. मलेरिया कोणत्या जिल्ह्यातून कोणत्या जिल्ह्यात जाईल हे सांगणारा तक्ता, मारेगावच्या एखाद्या कोलाम पोडावरून (वस्तीवरून) आठवीतली मुलगी शाळेत कशी जाईल हे सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, स्मार्टफोन सगळीकडे पोहोचले की जीपीएसमुळे अचूक जागा कळेल आणि टॉवरची अडचण संपेल. जागा अचूक कळेल खरी, पण कोणाची? ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यात डेटा पॅक शिल्लक आहे, अमुक ॲप आहे आणि जिथे रेंज आहे, त्याची. अचूकता वाढते तशी निवडही संकुचित होत जाते. आणि पोडावर रेंजच नसेल तर दोन्ही पद्धती सारख्याच मुक्या.

खासगीपणाचा प्रश्नही इथे निराळे वळण घेतो. इव्ह-अलेक्झांडर द मॉन्जोय यांच्या २०१३ च्या प्रसिद्ध अभ्यासाने पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासून दाखवले की, जागा आणि वेळ यांचे अवघे चार बिंदू ठाऊक असले तरी ९५ टक्के माणसे गर्दीतून वेगळी काढता येतात. नाव पुसले म्हणजे माणूस निनावी झाला, हा समज त्याने मोडीत काढला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. तेव्हा कंपनीने कच्च्या नोंदी न देता फक्त एकत्रित तक्ते द्यावेत आणि एखाद्या रकान्यात फारच कमी माणसे असतील तर तो रकाना झाकावा, हा रास्त उपाय आहे. पण झाकले जाणारे रकाने कोणते? जिथून रोज तीन-चारच माणसे निघतात ती गावे. मोठ्या गावांचे आकडे राहतील. पोड, तांडे आणि जंगलकाठच्या वस्त्या तक्त्यातून जातील. त्यांचे आकडे उघडे ठेवले तर माणूस ओळखू येतो, झाकले तर गाव नाहीसे होते. या पेचातून मोबाइलच्या आकड्यांच्या आत राहून सुटका नाही. लहान वस्त्यांची गरज जाणून घ्यायची तर तिथे जाऊन विचारावेच लागेल.

तरीही एक व्यवहारी माणूस म्हणेल की, आज गाडी कुठे जावी हे कोणाचा फोन कोणाला गेला यावर ठरते. आकडे आले तर निदान वशिला तरी हटेल. हा युक्तिवाद मला मनापासून पटतो आणि म्हणूनच आकडे नीट असावेत असा माझा आग्रह आहे. वशिला असलेले गाव आज पुढे आहे. उद्या ज्या गावात फोन जास्त, पगारदार जास्त, रोज शहरात जाणारे जास्त, ते पुढे राहील. बऱ्याचदा ती दोन्ही गावे एकच असतात. वशिल्याविरुद्ध निदान भांडता येते, मोर्चा नेता येतो. 'मॉडेलमध्ये मागणी दिसत नाही' या उत्तराशी ग्रामसभेने कसे भांडावे?

म्हणून मोबाइलच्या तक्त्याला एक साक्षीदार म्हणून बोलवावे आणि ज्यांच्या वतीने तो बोलू शकत नाही त्यांच्यासाठी दुसरे साक्षीदार उभे करावेत. ते शोधायला फार दूर जायला नको. एसटीच्या वाहकाजवळच्या तिकीट यंत्रात कुठून कुठे आणि कोणत्या सवलतीचे तिकीट दिले याची नोंद होते. महिला आणि ज्येष्ठांच्या सवलतीची रक्कम सरकारकडून वसूल करायची असल्याने ही नोंद जपावीच लागते. ग्रामीण बायकांच्या प्रवासाची इतकी थेट माहिती कोणत्याही मोबाइल कंपनीकडे नसेल, आणि ती सार्वजनिक महामंडळाकडे आधीच पडून आहे. विद्यार्थ्यांच्या पासांवर रोजची नोंद होत नाही, पण शाळेच्या पटावर गाव आणि इयत्ता असते. सातवीनंतर ज्या गावच्या मुली पटावरून कमी होत जातात, तिथे गाडी आहे का आणि ती किती वाजता येते हे पाहायला संगणकही लागत नाही. मानव विकास कार्यक्रमातल्या मुलींसाठीच्या बस याच विचाराने सुरू झाल्या: आधी गरज मानली, मग गाडी दिली. नियोजनाची ही दिशा मोबाइलच्या दिशेच्या अगदी उलट आहे, आणि आतल्या गावांसाठी तीच योग्य आहे.

जिल्हा नियोजन समितीने दोन गोष्टी केल्या तर पुरे. कंपन्यांकडून घेतलेला एकत्रित तक्ता आणि एसटीच्या तिकिटांचा तालुकावार गोषवारा एकाच वेळी लोकांसमोर ठेवावा, म्हणजे कोणालाही दोन्ही ताडून पाहता येतील. आणि ज्या गावांत दोन्ही आकडे शून्याजवळ आहेत, ती यादीतून वगळण्याऐवजी पाहणीसाठी सर्वांत आधी निवडावीत. पाहणी १९७२ च्या त्या मार्गदर्शिकेप्रमाणे वर्षातून दोनदा व्हावी. एकदा वेचणीच्या ऐन दिवसांत, एकदा उन्हाळ्यात. प्रश्न घरातल्या कर्त्या पुरुषाला न विचारता बाईला विचारावेत, आणि 'तुम्ही काल कुठे गेलात' याच्या जोडीला 'गेल्या महिन्यात कुठे जायचे होते आणि जाता आले नाही, का?' हा प्रश्न असावा. त्याच्या उत्तरांतून ज्या गावांची नावे पुढे येतील, तिथे भारमान न पाहता एक वर्षभर वेळेवर फेरी चालवावी, सकाळी जाणारी आणि अंधारापूर्वी परतणारी, आणि त्या वर्षानंतरच मोबाइलचा तक्ता पुन्हा काढून आधीच्या तक्त्याशेजारी ठेवावा.